आवाज दोन

१

तिचं काम ऐकण्याचं होतं. कुठल्यातरी कंपनीची बैठक, कुठल्यातरी चौकशीतल्या साक्षी, कुणा प्राध्यापकाचं घशात अडकलेलं भाषण, असलं काहीबाही रेकॉर्ड होऊन तिच्याकडे यायचं. ती कानांवर हेडफोन चढवायची, पायाखालच्या पेडलने आवाज मागेपुढे करायची आणि कोण काय बोललं ते टाइप करायची. माणसं अनोळखी असत, म्हणून आवाज एक, आवाज दोन, आवाज तीन. हसली तर कंसात ‘हशा’. बोलणं नीट कळलं नाही तर ‘अस्पष्ट’. कुणीच बोलत नसेल तर ‘शांतता’. बावीस वर्षं हेच चाललं होतं.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. कामावर त्याला सगळे उस्ताद म्हणत. “आजवर हजारो माणसं वर पोचवली, पण एकानेही तक्रार केली नाही,” हा त्याचा ठरलेला विनोद. नवा पाहुणा दिसला की त्याच्या तोंडून बाहेर पडायचाच. स्वतः मात्र तिसऱ्या मजल्यावर राहायचा, बिनलिफ्टच्या इमारतीत. जिना चढता चढताच हाक यायची, “ए टकटके, मेलो गं भुकेने!” कीबोर्डच्या आवाजावरून त्याने तिचं हे नाव ठेवलं होतं. शेजारी ऐकतात म्हणून ती चिडायची. तिने चिडावं म्हणूनच तो ओरडायचा.

मग एका मंगळवारी, भर दिवसा, लिफ्टच्या टपावर उभा असताना त्याचा पाय सरकला आणि तो दीड मजला खाली कोसळला. हेल्मेट फुटलं म्हणून डोकं वाचलं, असं सगळे म्हणाले. अठरा दिवस तो शुद्धीवर नव्हता. त्यानंतर दोन महिने दवाखाना.

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी तिला बाजूला घेतलं. “चालतील, बोलतील. आठवणी शाबूत आहेत. पण मार कपाळाच्या मागे बसलाय. माया, राग, लाज या सगळ्याचं बटण तिथे असतं असं समजा. ते कधी लागेल, कधी नाही. हसायच्या वेळी रडतील, रडायच्या वेळी ढिम्म बसतील. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. माणूस तोच आहे.”

पहिल्या सकाळी तिने त्याच्यापुढे चहा धरला. त्याने कप दोन्ही हातांनी घेतला आणि विचारलं, “तुम्ही घेतलात का?”

तिला हसू फुटलं. “अहो, घेतलात का काय? पाहुणे आल्यासारखं काय बोलताय?”

तो हसला नाही. “सहज विचारलं. मघापासून उभ्या आहात.”

सव्वीस वर्षांच्या संसारात तो तिला रागाच्या भरात वाट्टेल ते बोलला होता. पण ‘तुम्ही’ कधी म्हणाला नव्हता.

२

चूक काढावी तर कुठे? त्याला सगळं आठवत होतं. लग्नाची तारीख, तिचा रक्तगट, मुलीला लहानपणी कुठल्या औषधाने पुरळ आलं होतं तेसुद्धा. विचारलं की उत्तर हजर, परीक्षेला बसलेल्या हुशार पोरासारखं.

सकाळी उठून तो चादरीची घडी घालायचा. मोरीच्या दारावर टकटक करून मगच आत जायचा. आयुष्यभर ओला टॉवेल पलंगावर फेकणारा माणूस आता तो दोरीवर टोकाला टोक जुळवून वाळत घालायचा. जेवण झालं की म्हणायचा, “छान होतं. तुम्हाला त्रास झाला.” यावर भांडणार तरी काय? तिला भांडायचं होतं. टॉवेलवरून, मिठावरून, कशावरूनही. भांडायला माणूस लागतो, आणि घरात एक सज्जन भाडेकरू राहत होता.

झोपायला त्याने आतली खोली मागून घेतली. “तुमची झोपमोड नको,” म्हणाला. बाहेरच्या खोलीत ती, तिचं टेबल आणि रुंद पलंग राहिला.

एका रविवारी मुलीचा फोन आला. ती दुसऱ्या शहरात होती. तिला दिवस गेले होते. आईने रडतरडत फोन त्याच्या हातात दिला. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, “अभिनंदन. तब्येतीला जपा.” पलीकडून मुलगी काहीतरी बोलत होती, तरी त्याने फोन अदबीने परत केला.

दहा मिनिटांनी टीव्हीवर टायरची जाहिरात लागली आणि तो ढसाढसा रडू लागला. शर्टाची पुढची बाजू भिजली. ती धावली. “अहो, काय झालं? काय आठवलं?”

“काही नाही. हे आपोआप येतंय. थांबेल.” रडता रडताही त्याचा आवाज कोरडा होता. “तुम्ही जा, तुमचं काम खोळंबलं असेल.”

तिने न राहवून त्याच्या डोक्यावर हात ठेवला. कानाच्या वर, टाके होते तिथे. रांगेत परक्या माणसाचा धक्का लागला की आपण सरकतो तसा तो सरकला.

“तिथे नको,” तो म्हणाला. “प्लीज.”

३

त्यानंतर पंधराएक दिवसांची गोष्ट. दुपारचे तीन वाजून गेले होते. एका सहकारी संस्थेच्या बैठकीत सात जण एकदम बोलत होते. ती वैतागली, हेडफोन काढून मान मोडू लागली, आणि तिच्या कानावर आलं,

“अगं, तू पण ना! कमाल करतेस.”

पाठोपाठ हसणं. ते हसणं तिने अपघातापासून ऐकलं नव्हतं. आधी खोकल्यासारखं दोनदा अडायचं आणि मग धबधब्यासारखं कोसळायचं, ते.

तिच्या अंगावर काटा आला तो आनंदाने. ती अनवाणीच धावली आणि आतल्या खोलीचं दार ढकललं. तो खिडकीजवळच्या खुर्चीत बसला होता, हात गुडघ्यांवर ठेवून. चेहरा कोऱ्या कागदासारखा.

“काही हवंय का तुम्हाला?” त्याने विचारलं.

“कुणाशी बोलत होतात?”

“मी?” त्याने खरंच आठवून पाहिलं. “नाही.”

खोलीत दुसरं होतं काय? पलंग, कपाट, त्याची हत्यारांची पेटी आणि एक जास्तीची खुर्ची. ती एरवी भिंतीला टेकून असायची. आज ती त्याच्या समोर होती, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ.

तिने डॉक्टरीणबाईंना फोन केला. “स्वतःशी बोलतात असे पेशंट,” त्या म्हणाल्या. “उलट चांगलंच आहे. आत काहीतरी हलतंय. लक्ष ठेवा फक्त.”

पटण्यासारखंच होतं. तिने पटवून घेतलं. मग उठून ती खुर्ची पुन्हा भिंतीला लावून आली.

४

दुसऱ्या दिवशी तिने हेडफोन घातलेच नाहीत. तीन वाजता आतल्या खोलीबाहेर फरशीवर बसली, भिंतीला पाठ लावून.

आतमध्ये तो बोलत होता. त्यांच्या पहिल्या भेटीची गोष्ट सांगत होता. एका कचेरीच्या लिफ्टमध्ये ती चाळीस मिनिटं अडकली होती, त्याने दार उचकटून तिला वर ओढून काढलं होतं, आणि आभार मानायचे सोडून तिने त्याचीच खरडपट्टी काढली होती. “तुझ्या एका हातात चप्पल होती,” तो सांगत होता. “मला वाटलं, आता ही मारते. म्हटलं, मारली तर लग्नच करू हिच्याशी. पण तू मारली नाहीस, तेव्हा म्हटलं, करूच!”

हे त्याने तिला कधीच सांगितलं नव्हतं. चप्पल तिला आठवत होती. त्याच्या मनात काय आलं होतं ते आज कळत होतं, बंद दाराआडून. ती तोंडावर पदर दाबून हसली आणि मग तिला हुंदका आला.

त्या दिवसापासून तिचे दिवस तीन वाजण्यासाठी उगवू लागले. सकाळी ‘तुम्ही’, जेवताना ‘तुम्ही’, आणि तीन ते साडेचार, भिंतीपलीकडून, ‘तू’. टकटके. वेडे. ऐक ना. तो तिच्या हातांबद्दल बोलायचा, तिच्या चिडण्याबद्दल, पोरगी झाली त्या सकाळबद्दल. इतकं प्रेम तिच्या वाट्याला समोरासमोर कधी आलं नव्हतं. दार उघडलं की ते थांबतं हे तिला कळून चुकलं होतं. म्हणून ती उघडत नसे.

बोलता बोलता तो मध्येच थांबायचा. उत्तर ऐकायला थांबावं तसा. मग “हो ना!” किंवा “छे, छे!” म्हणायचा. एकदा असाच थांबला असताना तिला आतून बारीकसं हसू ऐकू आलं. शेवटी श्वास आत ओढताना उचकीसारखा आवाज होणारं. त्या उचकीची नक्कल करून तो तिला वर्षानुवर्षं चिडवत आला होता.

आपणच हसलो असणार, तिने ठरवलं. मग ओठांना हात लावून पाहिला. ते घट्ट मिटलेले होते.

५

बावीस वर्षं दुसऱ्यांचे आवाज कानात भरून घेतल्यावर कान वाजणारच. त्याच्या डोक्याला मार लागला होता, आपल्याला कंटाळा आणि एकटेपणा लागलाय. भ्रम व्हायला इतकं पुरे. असं स्वतःला बजावून तिने सरळ आपल्या धंद्यातला उपाय केला. छोटा रेकॉर्डर आतल्या कपाटाच्या मागे ठेवला आणि तीन वाजता चक्क बाजारात निघून गेली. ती घरात नसताना जे होईल ते तिच्या कानांचे खेळ नसणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी, तो अंघोळीला गेल्यावर, तिने हेडफोन चढवले.

एकच आवाज होता. त्याचा. दुसरं कुणीही नव्हतं. तिने सुटकेचा श्वास सोडला, आणि खरं सांगायचं तर त्यात थोडी निराशाही होती. सवयीने बोटं चालू लागली. आवाज एक: तुला गार लागतंय का? आवाज एक: मग सरक ना इकडे. आवाज एक: आता बरंय? पाऊण तासाचं संभाषण तिने एका दमात उतरवलं आणि पडद्यावर वाचायला घेतलं.

मधल्या जागांत तिने काहीतरी टाइप केलं होतं. ‘आवाज दोन: अस्पष्ट.’ असं एकवीस वेळा.

कुणी बोलत नसेल तर ‘शांतता’ लिहायचं, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. अस्पष्ट म्हणजे कुणीतरी बोललंय, फक्त शब्द कळत नाहीत. तिच्या बोटांची ही चूक बावीस वर्षांत एकदाही झाली नव्हती.

तिने पहिली मधली जागा पुन्हा ऐकली, आवाज पूर्ण वाढवून. शब्द नव्हते. पण रिकाम्या खोलीचा आवाज तिला ठाऊक होता. तो सपाट असतो, ताणलेल्या चादरीसारखा. हा तसा नव्हता. कुणीतरी अगदी जवळ बसलेलं असावं, हळू बोलण्याची सवय असलेलं, असा होता.

मोरीचं दार वाजलं. “अंघोळ झाली,” बाहेरून त्याचा आवाज आला. “तुम्हाला गरम पाणी ठेवलंय.”

तिने फाइल पुसून टाकली.

६

पुढच्या आठवड्यात मोरीत दुपारचे दोन कप विसळायला पडू लागले. ती दुपारी चहा घेत नसे. त्याने दोनदा घेतला असेल, दोन वेगळ्या कपांत. आजारी माणूस, करतो असं.

मग मुलीचा फोन आला. आवाजात उत्साह मावत नव्हता. “आई, काल किती बरं वाटलं गं! तुला असं हसताना ऐकून किती दिवस झाले.”

“काल?”

“अगं, बाबांच्या फोनवर. चार वाजता. तूच तर उचललास. बाबा मागून चिडवत होते आणि तुला बोलताच येईना. विसरलीस?”

चार वाजता ती दवाखान्यात होती. डॉक्टरीणबाईंसमोर बसून सगळं सांगत होती. सगळं म्हणजे सांगण्यासारखं तेवढंच. त्याचं जेवण निम्म्यावर आलंय, दिवसदिवस आतल्या खोलीतून बाहेर येत नाही, बोलतो कुणाशीतरी.

“नाही, नाही, आठवलं,” ती मुलीला म्हणाली. दुसरं काय म्हणणार? पोरीची अवस्था नाजूक होती, आणि किती आनंदात होती ती.

दवाखान्यातून तिने गोळ्या आणल्या होत्या. “रोज एक, दुपारी,” डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. “हे बोलणं थांबेल. थांबायलाच हवं. नाहीतर ते आत आत जात राहतील आणि मग तुमच्या हाती लागणार नाहीत.” निघताना त्यांनी तिचा हात धरला. “आणि तुम्ही? तुम्ही झोपता का नीट? बोलायला कुणी आहे?”

“आहे ना,” ती म्हणाली होती. “घरातच आहे.”

गोळ्यांचं पाकीट तिने टेबलाच्या खणात ठेवलं. बोलणं थांबेल. म्हणजे ‘तू’ थांबेल. म्हणजे ‘टकटके’ थांबेल. मग चोवीस तास नुसतं ‘तुम्ही’. पहिल्या दिवशी उद्या देऊ म्हणाली, दुसऱ्या दिवशीही तेच. पाचव्या दिवशी सकाळी तो शर्ट घालत होता तेव्हा त्याच्या बरगड्या दिसल्या. एक, दोन, तीन, सरळ मोजता आल्या असत्या. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

७

तीन वाजता ती उठली. पाण्याचा पेला भरला, पाकिटातून एक गोळी तळहातावर काढली. आतमध्ये गप्पा रंगल्या होत्या. ती रोजच्या जागी बसली नाही. दारासमोर उभी राहिली आणि टकटक केली. आपल्याच घरात, आपल्याच नवऱ्याच्या दारावर.

बोलणं थांबलं.

“कोण आहे?” आतून विचारलं गेलं.

तो आवाज तिने आयुष्यभर आतून ऐकला होता. कामासाठी कधी स्वतःच्या आवाजाची चाचणी रेकॉर्ड केली तर बाहेरूनही ऐकला होता. शंकेला जागाच नव्हती.

“कुणी नाही गं,” त्याने उत्तर दिलं, हळूच, दाराबाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. “त्या बाई आहेत. औषधपाणी बघतात. फार चांगल्या आहेत.”

“बिचाऱ्या,” आवाज म्हणाला. “एकट्याच असतात का?”

“एकट्याच.”

मागे वळावं असं सगळ्या शरीराला वाटत होतं, पण हात पुढे गेला आणि दार चार बोटं उघडलं.

उजेड खिडकीतून येत होता, त्यामुळे नीट दिसलं. तो खुर्चीत वाकून बसला होता, डोकं पुढे टाकून, डोळे मिटून, लहान मूल आईपाशी पेंगावं तसा. समोरच्या खुर्चीतून पुढे आलेला फक्त एक हात तिला दिसला. दाराच्या कडेने कापलेला, कोपरापर्यंत. हात त्याच्या केसांत होता. अंगठा टाक्यांच्या व्रणावरून हळूहळू फिरत होता, मागेपुढे, मागेपुढे. आणि तो सरकत नव्हता.

मग अंगठा थांबला. बाहेर कुणीतरी बघतंय हे कळल्यावर थांबावा, तसा.

तिने दार ओढून घेतलं. आपटलं नाही. परक्यांच्या घरात चुकून भलत्या खोलीत डोकावल्यावर माणूस जसं ओशाळून लावून घेतो, तसं लावलं. स्वयंपाकघरात गेली. पाणी ओतलं. गोळी अजून मुठीत होती, घामाने विरघळून तिचा पांढरा डाग तळहातावर पडला होता. नळाखाली धरूनही तो बराच वेळ गेला नाही.

८

आता उस्तादाचं बरं चाललंय. तो पोटभर जेवतो, वजन वाढलंय. “बघा, गोळ्या लागू पडल्या,” डॉक्टरीणबाई म्हणतात, आणि ती मान हलवते. मुलगी फोनवर सांगते, “आई, तुम्ही दोघं तर पूर्वीपेक्षा मजेत आहात!” यावरही ती मान हलवते. मुलीला फोनवरून ते दिसत नाही.

पावणेतीन झाले की ती चपला घालून बाहेर पडते. कुणी जा म्हटलेलं नाही. पण माणसांना मोकळं बोलायला घरात जागा लागते, एवढं तिला कळतं. गल्लीच्या टोकाला लॉन्ड्रीवाल्याचं दुकान आहे. त्याच्या बाकावर ती बसते. त्याची इस्त्री वाफ सोडत फिरत असते. पहिले काही दिवस त्याने विचारलं, “कुणाची वाट बघताय का?”

“पाच वाजायची,” ती म्हणाली. आता तो विचारत नाही.

पाच वाजता ती तीन मजले चढते. किल्ली पर्समध्ये असते, तरी बेल वाजवते. एकदम आत जाणं बरं दिसत नाही. मग त्याची पावलं येतात. अपघातापासून डावा पाय थोडा घासतो त्याचा. दार उघडून तो म्हणतो, “या, या. दमलात? पाणी आणू?” त्याच्या आवाजात आता खरी कणव असते. तेही काही कमी नाही, असं ती स्वतःला सांगते.

परवा शुक्रवारी मात्र तिने बेल वाजवली आणि पाय घासण्याचा आवाज आला नाही. आतमध्ये भांडं खाली ठेवल्याचं ऐकू आलं, मग नळ बंद झाला.

“आले, आले!” आतून कुणीतरी म्हणालं, ओले हात पुसत धावत यावं तसं. सपाता फरशीवर भरभर वाजत जवळ आल्या.

जिन्यात दुसरं कुणी नव्हतं. तिने पदर सारखा केला, कपाळावरचे केस मागे घेतले. सपाता दाराशी येऊन थांबल्या. कोण हवंय आपल्याला, असं विचारलं तर काय सांगायचं? ती शब्द जुळवत राहिली. आतली कडी निघाली.